एपॉक्सीचे पैसे घेऊन व्हाइट सिमेंट भरलं: कोट्याच्या फरशीत ३१,००० रुपये बुडाले

आधी आकडे. कोट्याची फरशी ६२० चौरस फूट. सांधे एपॉक्सी ग्राउटने, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या मसाल्याने भरायचे, दर ३८ रुपये, म्हणजे २३,५६०. त्याआधी फरशीला सीलर, म्हणजे दगडात काही मुरू न देणारा लेप, १२ रुपयांनी ७,४४०. एकूण ३१,०००. ॲडव्हान्स २०,०००, काम उरकल्यावर ११,०००. सांध्यांत निघालं काय, तर रंग कालवलेलं व्हाइट सिमेंट. सीलर तर मारलाच नव्हता.

‘चौकशी करायची ना आधी’ म्हणणाऱ्यांना सांगतो, केली होती. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. तेल-पाणी पितो, ॲसिड लागलं की त्याची चकाकी जाते. म्हणूनच महागाचं एपॉक्सी. सीलर आधी मारायचा, कारण नाहीतर ग्राउट कडांमधून दगडात मुरतं आणि प्रत्येक फरशीभोवती काळपट चौकट उमटते. हे सगळं मी काम घेणाऱ्या ठेकेदाराला ऐकवलं होतं. त्यावर तो म्हणाला, “साहेब, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त माहितीये.” फुगलो, झालं.

डबे नामांकित कंपनीचे होते. आत काय आहे ते कोण चाटून बघतं? आता सांगतो ते लक्षात ठेवा: एपॉक्सी तीन भागांत येतं, रेझिन, हार्डनर आणि पावडर. तिन्ही सीलबंद पाकिटं तुमच्यासमोर फुटली पाहिजेत. रिकामी पाकिटं, डबे कामानंतर स्वतःकडे ठेवा, भंगारात घालू नका. रिकामे डबे कुठे फिरतात हे मला आता कळलंय.

ठेकेदाराच्या पोराने पाण्याची बादली मागितली तेव्हा संशय यायला हवा होता असं मेहुणा म्हणतो. का यावा? एपॉक्सी ओलं असताना वरचा थर ओल्या स्पंजनेच पुसतात. बादली लागतेच. खरी गोष्ट वेगळीच, आणि ती आठवली की आजही डोकं फिरतं. जेवणाआधी त्यांनी घमेल्यात माल कालवला. जेवणाचे डबे उघडून जेवले, विड्या ओढल्या, बाहेर आंब्याखाली पडले. उठल्यावर त्याच मालात तांब्याभर पाणी ओतून पुन्हा कालवला आणि स्वयंपाकघर भरायला घेतलं. मी दारात उभा होतो. चहाला साखर किती, असं विचारत होतो! एकदा कालवलेलं एपॉक्सी इतका वेळ थांबत नाही, घमेल्यातच दगड होतं. पाणी ओतून ते मऊ होत नाही. म्हणजे घमेल्यात होतं ते सिमेंटच. आणि जाताना ठेकेदार सांगून गेला, “तीन दिवस पाणी मारा.” पाणी सिमेंटला मारतात! मी मारलं. पाइप लावून, मनापासून.

काही आठवड्यांत ओट्याखालचे सांधे पिवळे पडले, मोरीजवळचे पोपडे निघू लागले. फोन केला तर पोरगा पाठवला. त्याने सांधे ‘साफ’ करायला बाटलीतून ॲसिड ओतलं. चुनखडीवर ॲसिड! फेस आला आणि हॉलमध्ये पांढुरके, निस्तेज पट्टे कायमचे राहिले. दुसऱ्या एका मिस्त्रीने सांध्यातला निघालेला तुकडा त्याच उरलेल्या ॲसिडमध्ये टाकला, फसफसून विरघळला. एपॉक्सी असं विरघळत नाही. ही परीक्षा निघालेल्या तुकड्यावर, काचेच्या वाटीत करा, फरशीवर नाही. सीलरची परीक्षा तर फुकट आहे: पाण्याचा थेंब टाका, दगड लगेच काळवंडला तर सीलर मारलेला नाही. उरलेले पैसे त्याआधी द्यायचे नाहीत. पुन्हा पॉलिश करायचा अंदाज आलाय ४५ रुपयांनी, २७,९००. ग्राउट खरवडून नव्याने भरायचा खर्च वेगळा.

आता पोलीस. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, “बिल कुठंय?” बिल घेतलं असतं तर १८ टक्के जीएसटी लागला असता, तो वाचवायचा सल्ला त्या माणसाचाच होता आणि हा सल्ला घरकाम काढलेल्या कुणाला मिळत नाही ते सांगा. मग म्हणे हा दिवाणी मामला. खोट्या डब्यात खोटा माल भरून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी सांगितलं, तर हवालदार हसला. “खून-मारामाऱ्या पडल्यात आणि तुम्ही फरशी घेऊन आलात.” अर्ज घेतला, पोच देताना कुरकुर केली, पुढे साहेब बंदोबस्तात, साहेब रजेवर, साहेब बदलले. डब्यावर जिचं नाव होतं त्या कंपनीने बॅच नंबर मागितला आणि बिल नसल्याने विषय संपवला. तुमच्याच नावाचे डबे घेऊन लोक लुटतायत, तुम्हाला काही वाटत नाही?

ग्राहक आयोगात जायचं म्हणतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. अडचण अशी, की तक्रारीत समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. तेव्हा ॲडव्हान्स देण्याआधी दुकानात जाऊन या. पैसे रोख देऊ नका, माझ्याकडे पुरावा म्हणून उरलंय ते फक्त यूपीआयचं पान. कोटेशनमध्ये ‘एपॉक्सी’ एवढंच नको, कंपनी, शेड आणि किती किलो हे लिहून घ्या.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. मेहुण्याचा केलेला नाही. परवा ठेकेदाराच्या स्टेटसला माझ्याच हॉलचा पहिल्या दिवशीचा फोटो होता आणि खाली दर: एपॉक्सी, ४२ रुपये.