ट्यूनिंग मॉड्यूल आठ महिने वापरून: आधी एअरबॉक्सकडे बघा

गाडी १.५ लिटर डिझेल, मॅन्युअल, सात वर्षं जुनी, वॉरंटी संपलेली. राहायला घोडबंदर रोडवर मानपाड्याजवळ, ऑफिस महापेला. रोजचा रस्ता कापूरबावडी, कळवा पूल, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. डिसेंबरात मॉड्यूल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा, बसवलं, आता ऑगस्ट चालू आहे आणि गाडी त्यानंतर अकरा हजार किलोमीटर धावली आहे.

मॉड्यूलबद्दल बरंच सांगता येईल, पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते एअरबॉक्सबद्दल, म्हणजे ज्यात हवेचा फिल्टर बसतो त्या डब्याबद्दल. माझ्या गाडीत कॉमन रेलचा (इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) प्रेशर सेन्सर एअरबॉक्सच्या मागे, खाली दडलेला आहे. बॉक्स काढल्याशिवाय तिथे हात जात नाही. सेन्सरचा कपलर (वायरचा प्लग) काढून मध्ये मॉड्यूलची वायर जोडायला पाच मिनिटं पुरतात. बॉक्स परत नीट बसवण्यात खरा कस लागतो.

मॉड्यूल करतं काय, तर रेलमधला दाब ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतं. मग ईसीयू पंपाकडून दाब वाढवून घेतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात थोडं जास्त डिझेल सोडतो. डिझेल वाढलं की हवाही पुरेशी आणि स्वच्छ हवी, नाहीतर मागून काळा धूर. म्हणून हवेच्या रस्त्यात झालेली हयगय मॉड्यूल लावलेल्या गाडीला जास्त भोवते.

पहिल्यांदा काम एका गॅरेजमध्ये करून घेतलं. पंचवीस मिनिटांत गाडी हातात आली, पिकअप जाणवला, मी खूश. फेब्रुवारीत दोन हजार आरपीएमच्या आसपास बारीक ‘सूं’ असा आवाज यायला लागला. खड्ड्यात गेलं की बॉनेटखाली टक टक. एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं आणि फिल्टर बाहेर काढला. फिल्टरच्या स्वच्छ बाजूला, झाकणाच्या मागच्या कडेला, बोटभर रुंदीचा करड्या धुळीचा पट्टा होता. मेट्रोच्या कामापासून घोडबंदरला खिडकीच्या गजांवर रोज बसते ना, तीच पिठासारखी धूळ. बोट फिरवलं तर कचकच लागली. ही फिल्टर चुकवून थेट टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे जात होती. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं, सात वर्षं जपलेलं इंजिन आहे.

कारण साधं होतं. झाकणाच्या मागच्या बाजूला तीन जिभा आहेत, त्या आधी खालच्या खाचांत अडकवायच्या आणि मग पुढच्या क्लिपा लावायच्या. मेकॅनिकने क्लिपा दाबून टाकल्या होत्या, जिभा बाहेरच. मागे नखाएवढी फट. चेक लाइट लागली नव्हती आणि लागणारही नव्हती, कारण फट एअरफ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी होती. तिथून शिरलेली हवा मोजली जाते, फक्त गाळली जात नाही. बॉक्सखालच्या तीन रबरी बुशांपैकी एक गायब होता, टक टक त्याचीच. बुश स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळाला.

तेव्हापासून हे काम मी स्वतःच करतो. गाडी बंद करून, लॉक करून अर्धा तास तशीच ठेवायची, म्हणजे ईसीयू झोपतो आणि कपलर काढल्यावर उगाच एरर साठत नाही. एअरफ्लो सेन्सरचा कपलर आधी सोडवायचा, वायर ओढायची नाही, लॉक दाबून काढायचा. होज क्लिप सैल केली की पाइप बाजूला, आणि त्याच क्षणी टर्बोकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडकं. हे विसरू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतं, त्यात एक छोटा स्क्रू गेला तर संपलं. मग दहा नंबरचा बोल्ट काढून बॉक्स सरळ वर उचलायचा. तिरका ओढला तर बुश खुंटीला चिकटून वर येतो आणि कुठेतरी खाली पडतो. आमचा तसाच हरवला असणार. प्रेशर सेन्सरचा फक्त कपलर काढायचा. सेन्सर किंवा त्याच्या नळ्यांना पाना लावायचा नाही, तिथे शेकडो बारचा दाब असतो.

बसवताना बुश आधी जागेवर, खुंट्यांना साबणाच्या पाण्याचा हात, मग बॉक्स तळहाताने दाबायचा. खुंटी बसल्याचं हाताला कळतं. त्यानंतर पुढच्या जाळीकडून येणारा नळकांडा. हा सुटा राहिला तर गाडी बॉनेटखालची गरम हवा ओढते आणि पावसात पाणी आत जायची भीती वेगळी. बोल्ट हाताने फिरवून सुरुवात करायची, प्लास्टिकमधले आटे एकदा गेले की गेले. शेवटी झाकण: जिभा, रबरी कड, क्लिपा, याच क्रमाने, आणि मागच्या कडेवरून एकदा बोट फिरवायचं. मार्चमध्ये माझाच एअरफ्लोचा कपलर पूर्ण बसला नव्हता. विटाव्याला चेक लाइट, गाडी ओढेना, कोड पी०१०२, म्हणजे एअरफ्लो सेन्सरचा सिग्नल कमी. बाजूला घेऊन ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबला आणि कोड काढून टाकला.

आता मॉड्यूल. दुसऱ्या गियरमध्ये गायमुखचा चढ पूर्वी दम काढायचा, आता तिथे गाडी स्वतःहून खेचते. नाशिकला जाताना कसारा घाटात आई-बाबा आणि सामान असूनही गियर पूर्वीपेक्षा कमी वेळा खाली टाकावा लागतो. ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजलं: आधी १७.२, आता १७.५. एवढ्यासाठी कोणी घेऊ नये. सर्वांत वरच्या सेटिंगवर जोरात दाबलं की आरशात धूर दिसला, म्हणून आठवड्यात खालच्या दुसऱ्या सेटिंगवर आणलं आणि तिथेच ठेवलंय. पीयूसी त्याच सेटिंगवर पास झाली. क्लच अजून ठीक आहे, पण पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये मी पूर्ण दाबत नाही. विमा कंपनीला लेखी कळवलंय. ज्यांची वॉरंटी चालू आहे त्यांना मी तरी घ्या म्हणणार नाही.

जूनमध्ये सर्व्हिसिंगला फिल्टर बदलला. घरी आल्यावर बॉनेट उघडून झाकणाच्या मागून बोट फिरवलं. मधली जीभ बाहेर होती.