मोनो सरोवराचे टुफा की क्राऊली जलाशयाचे खांब : एकाच दिवसात कुठे जावे?

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणारी बरीच मराठी कुटुंबे उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-वडिलांना योसेमिटी राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेतात. तिथून टायोगा खिंड ओलांडून सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्व बाजूला उतरले की डोंगर एकदम उघडेबोडके होतात, वस्ती विरळ होते, आणि ३९५ क्रमांकाच्या महामार्गालगत साधारण तासाभराच्या अंतरावर दोन पाणवठे लागतात. दोन्हींच्या काठांवर माणसाने घडवले असावेत असे वाटणारे दगडी आकार उभे आहेत. उत्तरेकडे मोनो सरोवर आणि त्याचे टुफा, दक्षिणेकडे क्राऊली जलाशय आणि त्याचे खांब. हाताशी एकच दिवस असेल तर यांपैकी काय निवडावे, असे मला ओळखीच्या लोकांनी अनेकदा विचारले आहे. दोन्ही ठिकाणी एकाहून अधिक वेळा जाऊन आल्यावर माझे जे मत बनले, ते इथे कारणांसह मांडतो.

आधी नावांचा गोंधळ दूर करायला हवा, कारण तो अनेकांचा होतो. मोनोच्या काठावर आहे तो टुफा, म्हणजे पाण्यात साका धरून तयार झालेला चुनखडीचा दगड. क्राऊलीच्या काठावर आहे तो टफ, म्हणजे ज्वालामुखीची तप्त राख बसून घट्ट झालेला दगड. उच्चार जवळचे असले तरी एकाचा जन्म पाण्यात आणि दुसऱ्याचा आगीत झालेला आहे.

मोनो सरोवराला पाणी येऊन मिळते, पण बाहेर पडायला वाट नाही. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे हे पाणी समुद्राच्या साधारण अडीच पट खारट असून त्याचा सामू (pH) १० च्या आसपास आहे. लोणार पाहिलेल्या माणसाला हे पाणी ओळखीचे वाटेल. माझ्या आईने काठावर वाकून बोटे बुडवली, अंगठ्याने चोळली आणि लगेच म्हणाली, ‘‘अरे, हे तर लोणारसारखं बुळबुळीत लागतंय.’’ साबण पुरता धुतला गेला नाही म्हणजे बोटांना जसे वाटते, तसाच तो स्पर्श होता. या कार्बोनेटयुक्त पाण्याच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे फुटतात आणि सोबत कॅल्शियम आणतात. दोन्ही पाणी एकत्र आले की कॅल्शियम कार्बोनेटचा साका झऱ्याच्या तोंडाभोवती बसू लागतो, आणि थरावर थर चढत मनोरा उभा राहतो. टुफाचे असे मनोरे पाण्याखालीच वाढतात, म्हणजे आज कोरड्यावर दिसणाऱ्या प्रत्येक मनोऱ्याची वाढ थांबलेली आहे. साउथ टुफा भागातले मनोरे साधारण २०० ते ९०० वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने कालपरवाचेच.

हे मनोरे उघडे कसे पडले, हे कळल्याशिवाय या जागेचा अर्थ लागत नाही. लॉस एंजेलिस शहराच्या पाणी आणि वीज खात्याने १९४१ पासून मोनोला मिळणारे ओढे वळवायला सुरुवात केली. १९८२ पर्यंत सरोवराची पातळी सुमारे ४५ फूट खाली गेली, पाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि खारटपणा दुप्पट झाला. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ताच्या तत्त्वावर, म्हणजे अशी पाणी सरकारने जनतेच्या वतीने जपावीत या तत्त्वावर, महत्त्वाचा निकाल दिला, आणि १९९४ मध्ये राज्याच्या जल मंडळाने सरोवर समुद्रसपाटीपासून ६,३९२ फुटांपर्यंत भरू द्यावे असा आदेश काढला. तीस वर्षे उलटली तरी ती पातळी गाठली गेलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. पर्यटक ज्या मनोऱ्यांची छायाचित्रे काढतात, त्यांतले काही पाणी वाढल्यावर पुन्हा बुडतील. ते बुडावेत, कारण या पाण्यावर लाखो पक्षी अवलंबून आहेत.

हे वळवलेले पाणी गेले कुठे, याचे उत्तर क्राऊलीत मिळते. मोनोच्या ओढ्यांचे पाणी डोंगराखालच्या बोगद्यातून ओवेन्स नदीच्या वरच्या पात्रात सोडले गेले, आणि त्याच १९४१ साली पुरे झालेल्या लाँग व्हॅली धरणामागे ते साठू लागले. हाच क्राऊली जलाशय. ओवेन्स खोऱ्यातील धर्मगुरू जॉन क्राऊली यांचे नाव त्याला दिलेले आहे. म्हणजे एकाच योजनेने एका ठिकाणी पाणी उतरवून दगड उघडे पाडले आणि दुसऱ्या ठिकाणी पाणी चढवून. जलाशय भरल्यावर लाटा पूर्व काठाच्या मऊ कड्यांवर आदळू लागल्या, पायथ्याची ठिसूळ राख वाहून गेली आणि आत दडलेले खांब मोकळे झाले.

या खांबांचे मूळ मात्र फार जुने आहे. सुमारे ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला आणि ३० किलोमीटरहून अधिक लांबीचे लाँग व्हॅली ज्वालामुखी-कुंड खचून तयार झाले. त्या वेळच्या राखेचा जाड थर अजून गरम असतानाच वरून बर्फाचे पाणी त्यात झिरपू लागले, खाली जाऊन उकळले आणि वाफ होऊन वर आले. चुलीवरच्या पातेल्यात पाणी जसे ठरावीक अंतरांवर वर-खाली फिरते, तसे हे अभिसरण राखेत होत राहिले आणि त्या उभ्या वाटांमधली राख खनिजांनी सांधली जाऊन कठीण झाली. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये या खांबांचा अभ्यास करून हे स्पष्टीकरण दिले. त्यांच्या गणनेनुसार खांबांची संख्या ५,००० च्या जवळपास जाते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिलेल्यांना हेही लाव्हा थंड होताना आकसून फुटलेले बेसाल्टचे स्तंभ वाटतील, पण तसे ते नाहीत. तशा प्रकारचे स्तंभ पाहायचे असतील तर जवळच मॅमथ लेक्स गावाबाहेर डेव्हिल्स पोस्टपाइल आहे.

क्राऊलीच्या खांबांसमोर उभे राहिले की मला नेहमी लेण्यातला मंडप आठवतो. काही खांब वीस फुटांपर्यंत उंच आहेत. वरच्या बाजूला ते कड्याला जोडलेले असल्यामुळे मध्ये कमानी तयार होतात आणि कमानींच्या मागे लाटांनी पोखरलेल्या गुहा लागतात. प्रत्येक खांबावर साधारण फूटभर अंतराने आडव्या रेषा आहेत, एकावर एक चकत्या रचाव्यात तशा. त्या खाचेत मी बोट फिरवले तेव्हा राखाडी भुकटी लगेच बोटाला लागली. दिसायला भक्कम असला तरी हा दगड घासला की झडतो. म्हणून त्यावर चढणे तर दूरच, नाव कोरण्यासाठी नखही लावू नये.

आता निवडीचा प्रश्न. पहिला निकष पोहोचण्याचा, आणि त्यात दोन्ही ठिकाणांमध्ये मोठी तफावत आहे. साउथ टुफाला महामार्गावरून १२० क्रमांकाच्या रस्त्याने पूर्वेकडे गेल्यावर शेवटी थोडासाच खडीचा रस्ता लागतो, आणि साधी कार विनासायास पोहोचते. तिथे वाहनतळ आणि शौचालय आहे, माणशी अल्प प्रवेशशुल्क आहे, आणि साधारण दीड किलोमीटरची सपाट पायवाट मनोऱ्यांमधून फिरवून परत आणते. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना तेवढेही जमणार नसेल तर सरोवराच्या वायव्येला काउंटी पार्कमधला लाकडी पदपथ आहे.

क्राऊलीच्या पूर्व काठावर यांतले काहीही नाही. धरणाच्या पलीकडचा रस्ता कच्चा, चढउताराचा आणि जागोजागी मऊ वाळूचा आहे. फोर-व्हील ड्राइव्ह असलेली उंच गाडी नसेल तर अलीकडेच थांबून, सावली नसलेल्या वाटेने काही किलोमीटर चालावे लागते, आणि शेवटी काठापर्यंतचा उतार तीव्र आहे. पहिल्या खेपेला आम्ही मित्राच्या साध्या कारने हट्टाने पुढे गेलो, चाके वाळूत रुतली, आणि दुपारच्या उन्हात हातांनी वाळू उपसून गाडी काढण्यात दोन तास गेले. आणलेले पाणी त्यातच संपले. भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते, तेही आधी वाचून घ्यावे. दोन्ही जागा सुमारे २,००० मीटर उंचीवर असल्याने सपाट रस्त्यावरही धाप लागते, मग चढाची गोष्टच वेगळी. सत्तरीच्या आई-वडिलांना किंवा कडेवरच्या मुलाला मी क्राऊलीला नेणार नाही.

दुसरा निकष हंगामाचा. मोनोचे मनोरे बाराही महिने दिसतात. हिवाळ्यात टायोगा खिंड बर्फामुळे बंद असते, तेव्हा बे एरियातून बराच मोठा वळसा पडतो, एवढेच. क्राऊलीत मात्र सगळे जलाशयाच्या पातळीवर ठरते. बर्फ वितळून धरण भरले की खांबांचा पायथा आणि गुहा पाण्यात जातात, आणि तेव्हा कयाक किंवा होडीनेच जवळून पाहता येते. शरद ऋतूच्या अखेरीस पाणी उतरलेले असते आणि वाळूवरून चालत गुहांपर्यंत जाता येते. जूनमध्ये एवढी तंगडतोड करून जाणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता जास्त आहे.

तिसरी गोष्ट, दगडांपलीकडे काय मिळते. इथे मोनो फारच पुढे आहे. या पाण्यात मासे नाहीत, पण नखाएवढ्या कोळंबीचे आणि क्षारमाश्यांचे थवेच्या थवे आहेत. माश्या अंगावर बसत नाहीत, पाऊल टाकले की काळ्या पट्ट्यासारख्या बाजूला सरकतात. इथल्या कुत्झादिका या मूळनिवासी लोकांचे त्या माश्यांचे कोष हे पारंपरिक अन्न होते. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी मनोऱ्यांच्या टोकांवर घरटी बांधतो आणि मासे मात्र दूरच्या गोड्या तलावांतून आणतो. क्राऊली हा ट्राउट मासेमारीसाठी प्रसिद्ध जलाशय आहे. तो छंद नसेल तर खांबांखेरीज तिथे थांबण्यासारखे फारसे नाही. एकांत मात्र तिथे अधिक मिळतो.

माझा सल्ला असा. पहिल्यांदा जाणाऱ्याने, विशेषतः घरातले तीन पिढ्यांचे लोक सोबत असतील तर, मोनोच निवडावे आणि अर्धा दिवस तिथेच द्यावा. मोनो आधी पाहिलेले असेल, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर असेल, गाडी योग्य असेल आणि सगळ्यांचे पाय चालते असतील, तर क्राऊलीला जावे, आणि माझ्या मते त्या परिस्थितीत ते मोनोहूनही अधिक विलक्षण आहे.

दोन्ही एका दिवसात करायचेच असेल तर क्रम उजेडावर ठरवावा. मोनोला सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे, कारण तेव्हा पाणी स्थिर असते आणि मनोऱ्यांची प्रतिबिंबे दिसतात, दुपारनंतर वारा सुटतो. क्राऊलीचे खांब पश्चिमेकडे तोंड करून उभे असल्यामुळे त्यांच्यावर ऊन दुपारी येते आणि कमानींच्या आतपर्यंत पोहोचते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी आणि विजेरी सोबत घ्यावी, फोनच्या रेंजवर विसंबू नये, आणि सूर्य सिएराच्या रांगेमागे जाण्याच्या तासभर आधी चढ चढायला लागावे, कारण त्या कच्च्या वाटेवर दिवे नाहीत आणि अंधारात फाटे ओळखू येत नाहीत.