नागास्त्र-१ : पहिले पंधरा किलोमीटर झकास

माझी नोकरी तोफखान्यात झाली, त्यातली बरीचशी बोफोर्सवर. त्यामुळे संरक्षण प्रदर्शनात नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजचं ‘नागास्त्र-१’ हे टार्गेटवर घिरट्या घालून त्यावरच आदळून फुटणारं ड्रोन पाहिलं तेव्हा आधी वजन विचारलं. नऊ किलो! लाँचर, कंट्रोल स्टेशन सगळं धरून दोन पिट्ठू, साधारण तीस किलो. आमचा नुसता गोळाच चाळीस किलोच्या वर. तो उचलून उचलून कंबरेची वाट लागली. हे दोन जवान पाठीवर मारून डोंगर चढतील. याला पैकीच्या पैकी.

स्फोटकं मात्र एकच किलो. पक्का बंकर उडवायची अपेक्षा धरू नका. उघड्यावरची टोळी, उभी गाडी, मशिनगनचं ठाणं, एवढंच याचं काम. नेम दोन मीटरच्या आत बसतो, असं कंपनी सांगते. बॅटरीवर चालतं, त्यामुळे आवाज फारसा नाही. कॅमेरे दिवसाचे आणि रात्रीचेही.

पण मी खरा खूश झालो तो पॅराशूटवर. तोफेचा गोळा नळीतून सुटला की सुटला. ओपीवरून, म्हणजे टार्गेटवर नजर ठेवणाऱ्या चौकीवरून, ‘चेक फायरिंग’ म्हणून कितीही ओरडा, पुढचा राउंड थांबतो, हवेतला नाही. लांबच्या पल्ल्याला तो मिनिटभर वर असतो. तेवढ्यात टार्गेटजवळ एखादा मेंढपाळ कळप घेऊन आला, तर दुर्बिणीला डोळा लावून नुसतं बघत बसायचं. नागास्त्र अर्धा तास घिरट्या घालू शकतं. वरून बघा, खात्री करा, नाही पटलं तर हल्ला रद्द करून पॅराशूटनं खाली उतरवा आणि पुन्हा वापरा. असली सोय आमच्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता त्या ‘एआय’बद्दल. जुलै २०२२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी एकदम ७५ एआय उत्पादनं जाहीर केली, आणि हल्ली तर प्रत्येक स्टॉलवर ही पाटी असतेच. नागास्त्र स्वतःहून शत्रू शोधत हिंडतं, असा समज कुणी करून घेऊ नये. जीपीएसवर जागा द्यायची, तिथं ते जातं. पण पल्ल्याचे आकडे नीट वाचा : माणसाच्या हातात कंट्रोल असेल तर १५ किलोमीटर, स्वयंचलित असेल तर ३०. म्हणजे माणूस बाजूला झाला की पल्ला दुप्पट! विकणारा हे कौतुकानं सांगणार. मला मात्र तिथंच प्रश्न पडतो, की त्या पुढच्या पंधरा किलोमीटरमध्ये मेंढपाळ दिसणार कुणाला?

यंत्रावर भरवसा टाकून काय होतं, ते इराक युद्धात दिसलंय. मार्च २००३ मध्ये अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण क्षेपणास्त्र यंत्रणेनं मोहिमेवरून परतणारं ब्रिटिश टोर्नाडो लढाऊ विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं, आतले दोघंही गेले. दहा दिवसांनी त्याच यंत्रणेनं अमेरिकेचंच हॉर्नेट विमान पाडलं. यंत्रणेवर माणसं बसलेली नव्हती असं नाही, बसलेली होती. पडद्यावर आलं ते त्यांनी खरं मानलं, आणि विचार करायला हाताशी काही सेकंदच.

म्हणून लष्कराला माझं सांगणं एवढंच, की वस्तू घेताय ती चांगली आहे, पण चालवणाऱ्यावरही तेवढाच खर्च करा. ४८० ची ऑर्डर दिली होती, त्यातली पहिली १२० जून २०२४ पर्यंत मिळालीसुद्धा. जॉयस्टिक सफाईनं फिरवणारी पोरं गावोगाव सापडतील. नकाशा आणि जमीन ताडून ‘थांबा, हे आपलं टार्गेट नाही’ असं वरिष्ठाला बजावणारा गडी तयार व्हायला वर्षं जातात.

पहिल्या पंधरा किलोमीटरला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या एक किलोपायी. पुढच्या पंधराला तीन, तेही टार्गेट आधी कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असेल तरच.