स्लोवर बंद पडणारी पद्मिनी : कार्बोरेटर दुरुस्तीनंतरचे नऊ महिने

वडिलांनी १९८८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी आजही वापरात आहे. गेली दोन वर्षे ती रस्त्यावर उत्तम धावत असे, पण थांबली की तिचा भरवसा नसे. पलासियाच्या सिग्नलला गाडी उभी केली की इंजिन कधी कसेबसे तग धरी, कधी उगाच जोरात फिरत राही आणि कधी बंद पडे. फेब्रुवारीत मी तिचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, पूर्ण उघडून घेतला. त्यासाठी रिपेअर किट, एक व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजणारे मापक) आणि लेथवर करून घेतलेले गनमेटलचे बुश (दांडी ज्यांत फिरते त्या धातूच्या छोट्या नळ्या), अशा तीन गोष्टींवर खर्च केला.

त्याआधी प्रत्येक गॅरेजमध्ये एकच उपचार होत असे : स्लोचा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते त्या वेगाचा, स्क्रू आवळून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढवायचे. त्याने आठवडाभर बरे वाटे. पण हा स्क्रू थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारे मिश्रण कमीजास्त करणारी, चकती उघडी ठेवतो, आणि ती जास्त उघडली की तिच्या कडेची बारीक छिद्रे इंजिनाच्या ओढीत येऊन त्यांतून पेट्रोल जाऊ लागते. मग मिक्श्चरचा (स्लोवरचे पेट्रोल-हवेचे प्रमाण ठरवणारा) स्क्रू फिरवला तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही. आमच्या गाडीत नेमके हेच होत होते, आणि मिक्श्चरचा स्क्रू असा निकामी वाटणे ही खूण आहे, हे मला फार उशिरा कळले.

पॉइंटची गॅप आणि टायमिंग (दोन्ही ठिणगीशी संबंधित) आणि टॅपेट (झडपांची फट) आधी तपासून घेतले, कारण ते बिघडलेले असताना कार्बोरेटरला हात लावण्यात अर्थ नसतो. मग कार्बोरेटरखाली निप्पल असलेला वेगळा स्पेसर (कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला जाड तुकडा) बसवून त्याला गेज जोडला. काटा पाऱ्याच्या ११ इंचांवर जवळपास स्थिर होता. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन साधारण १७ ते २१ इंच दाखवते; इंदूर सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथे त्यातून पावणेदोन इंच वजा करावे लागतात. ती सूट देऊनही ११ फारच कमी होते. कुठून तरी जास्तीची हवा आत जात होती.

बुडाच्या गॅस्केटभोवती कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारला, तेव्हा काही घडले नाही. थ्रॉटलच्या दांडीच्या टोकाशी मारला मात्र, आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. दांडी बोटांत धरून हलवली, तर ती वरखाली चक्क खेळत होती. ॲक्सिलरेटर सोडल्यावर ती दर वेळी थोड्या वेगळ्या जागी बसे, म्हणून आरपीएमही दर वेळी वेगळे. किटमधली कोणतीही पॅकिंग हा दोष दूर करू शकली नसती. छावणीतल्या एका लेथवाल्याने दोन्ही बाजूंची भोके मोठी करून गनमेटलचे बुश बसवले. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन. नऊ महिन्यांनंतरही दांडीत खेळ नाही, काटा १७ वर आहे, आणि ८०० आरपीएमच्या आसपास लावलेला स्लो मी पुन्हा बदललेला नाही.

गेजचा दुसरा उपयोग मिक्श्चर लावताना झाला. गरम इंजिनावर काटा सर्वांत वर जाईपर्यंत स्क्रू हळूहळू फिरवायचा, मग आरपीएम पुन्हा जागेवर आणायचे, आणि हे दोन-तीनदा करायचे. कान अनुभवी असेल तर गेजवाचूनही जमते. माझा नाही, म्हणून मला ही खरेदी अत्यंत मोलाची वाटते.

किटबद्दल मात्र मी समाधानी नाही. फ्लोटच्या (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) सुईखालचा वॉशर जुन्यापेक्षा पातळ निघाला. त्यामुळे सुईची झडप वर सरकली, पेट्रोलची पातळी वाढली, आणि दोन आठवड्यांत चारही प्लग काळे पडून बॉनेटखाली पेट्रोलचा वास येऊ लागला. जुना वॉशर परत घातल्यावर ते थांबले. किटमधली जेट्स (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांच्या तोट्या) मी वापरली नाहीत, मूळची पितळी जेट्सच साफ करून बसवली. ज्यांच्याकडे मूळची जेट्स धड आहेत त्यांनी ती फेकू नयेत, असे मला मनापासून वाटते. बुडाचे गॅस्केट ठीक निघाले.

जुलैत स्लो एकदा पुन्हा बिघडला. चोक (हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवणारी कळ) थोडा ओढला की इंजिन चाले, सोडला की बंद पडे. ही हवेची गळती नव्हती, कारण काही मिनिटे आधीपर्यंत स्लो अगदी स्थिर होता. स्लो जेट काढून उजेडासमोर धरले, तर भोकात काळा कण अडकलेला दिसला. तो पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीच्या आतल्या थराचा होता. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, हे माहीत असूनही मी नळ्या बदलायचे टाळले होते. आता इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पंपाआधी नवा फिल्टर बसवला आहे, आणि त्यानंतर जेट एकदाही उघडावे लागलेले नाही.

एक त्रास अजून शिल्लक आहे. मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीतून येऊन गाडी दहा मिनिटे बंद ठेवली, की पुन्हा सुरू करताना ॲक्सिलरेटर बराच वेळ दाबून धरावा लागतो. तापलेल्या इंजिनावर कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळून आत सांडते, एवढे कारण समजले आहे. पुढच्या उन्हाळ्याआधी त्याच लेथवाल्याकडून अधिक जाड स्पेसर करून घेणार आहे.