अप्पा बळवंत चौकातली ६० रुपयांची वाक्प्रचार पुस्तिका: घ्या, पण पेन्सिलीसकट

पुण्यातल्या या चौकात स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांच्या दुकानात गल्ल्याशेजारी खिशात मावणाऱ्या पुस्तिकांची चळत असते. तिच्यातली ही एक, ‘शब्द’ आणि ‘बोलणं’ यांवरच्या इंग्रजी वाक्प्रचारांपुरती. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, मधे दोन स्टेपल. उदाहरणवाक्य एकही नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

वचनांचं पान मात्र चोख. ‘कीप युवर वर्ड’ म्हणजे शब्द पाळणं, ‘ब्रेक’ म्हणजे मोडणं, ‘गो बॅक ऑन’ म्हणजे फिरवणं. मराठीशी जोडी चपखल बसते, त्यामुळे हे पान दहा मिनिटांत पाठ होतं.

पान उलटलं की ‘ईट युवर वर्ड्स’पुढेही ‘शब्द फिरवणे’च छापलंय. हे चूक आहे. इथे वचनाचा संबंध नाही. ठासून केलेलं विधान खोटं ठरल्यावर ते मुकाट मागे घ्यावं लागणं, असा अर्थ आहे. ‘मुठेखालून मेट्रो जायची नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हा ही पाळी आली.

दुसरी गफलत वचनाची, म्हणजे व्याकरणातल्या. ‘हॅव अ वर्ड’ आणि ‘हॅव वर्ड्स’ दोन्हींपुढे ‘बोलणे’. ‘आय हॅड अ वर्ड विथ द चेअरमन’ म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांशी दोन शब्द बोललो. ‘आय हॅड वर्ड्स’ म्हणजे वाजलं. विषय पार्किंगचा असेल तर एकाच संध्याकाळी दोन्ही घडू शकतं, पण उत्तरपत्रिकेत एकच बरोबर.

सर्वांत महागात पडेल ते ‘मिन्स वर्ड्स’. मिन्स म्हणजे बारीक चिरणं, खिमा करणं. त्यावरून बोलणं मऊ करून मांडणं. तो जवळजवळ नेहमी नकारातच येतो: ‘शी डझन्ट मिन्स हर वर्ड्स’, ती आडपडदा ठेवत नाही. पुस्तिकेत नकार गळालाय आणि अर्थ तेवढा ‘स्पष्ट बोलणे’ राहिलाय, म्हणजे नेमका उलटा. ‘गेट अ वर्ड इन एजवेज’चंही तेच, ‘कुडन्ट’ लावल्याशिवाय तो सहसा दिसत नाही. समोरचा तोंड उघडू देत नाही तेव्हाचा हा वाक्प्रचार. अमेरिकेत ‘एजवाइज’ म्हणतात, तेही चूक धरू नका.

‘मम्स द वर्ड’चा अर्थ ‘गुपित ठेवणे’ बरोबर दिलाय. त्यातली ‘मम’ आई नव्हे, मिटल्या ओठांचा ‘म्म्’. ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’, म्हणजे रोखठोक बोलणं, यातला स्पेड फावडं आहे, पत्त्यातलं इस्पिक नाही. इंग्रजीत तो १५४२ च्या एका भाषांतरातून आला. पुढे अमेरिकेत ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली, म्हणून तिकडच्या क्लायंटशी बोलताना तो टाळलेला बरा. ही सूचना पुस्तिकेत हवी होती.

घेतलीत तर आधी पेन्सिलीने खुणा करा: जिथे एकवचनच लागतं तिथे ‘अ’ला गोल, नकाराशिवाय चालत नाही तिथे उणे चिन्ह, आणि समासात स्वतःचं एक वाक्य. हायलायटर नको, कागद इतका पातळ आहे की मागचं पानही पिवळं होतं. शेवटी गाळलेल्या जागा आहेत आणि उत्तरं त्याच पानाच्या तळाशी उलटी छापलीत. पीएमपी बसचं तिकीट आडवं ठेवलं की झाकली जातात.