फोनला मॉनिटर जोडून काम: काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज 10 ला मिळणारी सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 नंतर थांबणार हे जाहीर झालेले होते आणि माझ्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हता. नवे यंत्र घेण्याआधी, हातातल्या फोनलाच मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस जोडून रोजचे काम निभते का, हे पाहायचे ठरवले. माझे काम मराठी मजकुराच्या संपादनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहे, त्यामुळे हे मत त्याच कामापुरते समजावे.

कल्पना तशी जुनी आहे. मोटोरोलाने 2011 मध्ये ॲट्रिक्स हा फोन लॅपटॉपसारख्या डॉकमध्ये बसवण्याची सोय केली होती, मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये ल्युमिया 950 सोबत फोन मॉनिटरला जोडून वापरण्याची कंटिन्युअम ही सोय आणली आणि सॅमसंगने 2017 मध्ये गॅलेक्सी एस8 बरोबर तशीच डेक्स ही सोय. यांतले पहिले दोन मागे पडले, डेक्स टिकले. दरम्यान चिपच्या ताकदीचा प्रश्न जवळजवळ संपला: ॲपलने 2020 मध्ये आयफोनच्या चिपच्याच घराण्यातली एम1 ही चिप मॅक संगणकांत बसवली आणि पुढच्याच वर्षी तीच चिप आयपॅड प्रोमध्येही दिली. म्हणून फोन संगणकाची जागा घेईल का, या प्रश्नाचे उत्तर मी वेगात न शोधता कामाच्या पद्धतीत शोधले.

लेखन, ईमेल, व्हिडिओ बैठका आणि बँकेचे व्यवहार यांसाठी ही जोडणी अपेक्षेपेक्षा चांगली चालली. ओटीपी त्याच पडद्यावर येतो, वीज गेली तर मॉनिटर बंद पडतो पण मजकूर फोनवर जसाच्या तसा उघडा राहतो, आणि प्रवासात तोच लेख तिथूनच पुढे लिहिता येतो. बाहेरच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट ही मराठी टंकनाची मांडणी मिळवण्यासाठी वेगळे ॲप घ्यावे लागले. ते एकदा बसल्यावर टंकलेखनाचा वेग पूर्ववत झाला. एकाच हबमधून, म्हणजे अनेक तारा जोडता येणाऱ्या डबीतून, चार्जिंग आणि चित्र दोन्ही चालू असताना फोन बराच तापतो, तेव्हा त्याचे कव्हर काढून ठेवणे बरे.

खरी अडचण दोन-तीन कामे एकाच वेळी उघडी ठेवताना जाणवते, आणि ती पडद्याच्या आकाराने सुटत नाही. मोबाइलची प्रणाली मुळात असे धरून चालते की माणूस एका वेळी एकच गोष्ट पाहतो, आणि म्हणून स्मृती (मेमरी) कमी पडू लागली की मागे ठेवलेली ॲप ती आपणहून बंद करते. मूळ हस्तलिखिताचा स्कॅन, टंकलिखित मजकूर, शब्दकोशाचे पान आणि लेखकाचा ईमेल अशा चार खिडक्या उघड्या ठेवून काम करणाऱ्याला याचा त्रास फार होतो, कारण परत यावे तर शब्दकोशाचे पान नव्याने उघडू लागते आणि स्कॅन पुन्हा पहिल्या पानावर गेलेला असतो. फायलींचेही तसेच आहे. अँड्रॉइड 10 पासून प्रत्येक ॲपला साठवणुकीचा मर्यादित भागच मोकळेपणाने वापरता येऊ लागला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण पुस्तकाचे एकच प्रकरण तीन ॲपमधून फिरले की त्याच्या तीन प्रती तयार होतात आणि अखेरची दुरुस्ती कोणत्या प्रतीत आहे हे ताडून पाहण्यात वेळ जातो. मुद्रितशोधनात ही साधी गैरसोय नसून सरळ धोका आहे.

मराठी प्रकाशनव्यवहाराची एक अडचण यात भर घालते. आपल्याकडचा बराच जुना मजकूर युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत पडून आहे, आणि त्या पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 मध्ये आली. या फायली फोनवर उघडतच नाहीत, आणि त्यांतला मजकूर कसाबसा बाहेर काढला तरी नेमका फॉन्ट नसल्याने निरर्थक चिन्हांची रांग दिसते. असा मजकूर वाचवून युनिकोडमध्ये आणण्याचे काम आजही पूर्ण संगणकावरच होते, आणि संगणकच घराघरांतून नाहीसा झाला तर हे काम कोण करणार, याची मला मनापासून काळजी वाटते.

शेवटी मी नवा संगणक घेतला नाही. जुन्यावरच विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवली; लिब्रेऑफिसमधले दस्तऐवजांचे काम, जुन्या फॉन्टचे युनिकोडमध्ये परिवर्तन आणि बॅकअप ही कामे तिथे होतात, आणि पहिला खर्डा, पत्रव्यवहार व बैठका फोन-मॉनिटरवर. गुगलने 2025 मध्ये सॅमसंगच्या साहाय्याने अँड्रॉइड 16 साठी डेस्कटॉप पद्धतीच्या खिडक्यांचे काम जाहीर केले आहे. त्यात उघडी खिडकी आपण बंद करेपर्यंत उघडी राहिली आणि एक फाइल अनेक ॲपना एकाच जागी वापरता आली, तर माझ्या कामाचा आणखी मोठा वाटा फोनकडे जाईल.

ही जोडणी करून पाहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट तपासावी: फोनचे यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर पाठवते की नाही. अनेक स्वस्त फोनांत तसेच दिसणारे पोर्ट फक्त चार्जिंग आणि फायलींच्या देवाणघेवाणीपुरते असते, आणि तिथे कितीही महागडा हब आणला तरी मॉनिटर कोराच राहतो.