सर्व्हिस मॅन्युअल की यूट्यूब? घरचं यंत्र स्वतः उघडण्याआधी

वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, मेकॅनिक ‘उद्या येतो’ म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही. अशा वेळी हातात स्क्रू ड्रायव्हर घेणाऱ्या माणसाला दोन वाटा दिसतात. मोबाइलवर कुणीतरी तेच मशीन उघडताना दाखवलेला व्हिडिओ लावायचा, किंवा त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधून काढायचं. मी दोन्ही वापरतो. दोन्हींनी माझं काम केलेलं आहे, त्यामुळे एकाला सरसकट बाद करण्याचा माझा विचार नाही.

आधी एक स्पष्ट करतो. खोक्यातून येणारी पुस्तिका मी इथे धरतच नाही. तिच्यात बिघाडांचा तक्ता असतो खरा, पण नळ सुरू आहे का, प्लग नीट बसलाय का, एवढं विचारून झालं की पुढच्या प्रत्येक ओळीत ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’ हेच उत्तर. सर्व्हिस मॅन्युअल हे मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. त्यात यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून काढलेलं चित्र असतं, वायरिंगचा नकाशा असतो, कोणत्या भागाचं किती ओहम (विजेला होणाऱ्या रोधाचं माप) रीडिंग यायला हवं ते असतं आणि कोणती बटणं एकत्र दाबली की मशीन टेस्ट मोडमध्ये, म्हणजे स्वतःचे भाग तपासून दाखवण्याच्या स्थितीत, जातं तेही असतं.

व्हिडिओची बाजू आधी मांडतो, कारण ती कमी नाही. हाताचं काम बघूनच कळतं. फ्रंट लोडच्या दाराचं रबर बदलताना त्याची स्प्रिंगची कडी परत बसवायची असते. मॅन्युअलमध्ये त्यासाठी एक बाण आणि एक ओळ. प्रत्यक्षात ती कडी एका बाजूने बसवली की दुसरीकडून निसटते, आणि कुठे अंगठा दाबून धरायचा, कुठून ओढत न्यायची हे कागद सांगू शकत नाही. व्हिडिओत ते अर्ध्या मिनिटात समजतं. बेअरिंगचंही तसंच. स्पिनच्या वेळी येणारी घरघर बेअरिंगची की ड्रमच्या फटीत अडकलेल्या नाण्याची, हे आवाजाशी आवाज ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय भाषा. मॅन्युअल बहुतेक इंग्रजीत, तर व्हिडिओ हिंदीत ढिगाने आणि मराठीतही आता बरेच आहेत. माझे सासरे मिक्सरचे कार्बन ब्रश स्वतः बदलतात ते व्हिडिओ पाहूनच, आणि ते काम चोख करतात. मिक्सरसाठी मॅन्युअल शोधायचा खटाटोप मीही करणार नाही. अनेक मिक्सरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यावर बसतं ती चकती, उलट्या आट्यांचा असतो आणि सोडवताना खालून शाफ्ट धरून ठेवावा लागतो, एवढं एकदा पाहिलं की झालं. पंख्याच्या कपॅसिटरला, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या छोट्या भागाला, तर दोन्हींची गरज नाही. त्याचं माप २.५ मायक्रोफॅरड असेल तर ते त्याच्या अंगावरच छापलेलं असतं.

मग माझा कल मॅन्युअलकडे का झुकला? एका गोष्टीमुळे, आणि ती ऐकायला किरकोळ वाटेल. व्हिडिओतला माणूस म्हणतो, ‘आता हे पॅनल असं काढून घ्यायचं’, तिथे कॅमेरा थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो तेव्हा पॅनल जमिनीवर ठेवलेलं असतं. आपलं पॅनल मात्र अजून मशीनलाच आहे. वरचं झाकण निघालंय, समोरच्या पॅनलची डावी बाजू सैल झालीय, उजवी हलत नाही, आणि जोर लावावा तर प्लास्टिक करकरतंय. आपण व्हिडिओ मागे नेतो, पुन्हा पाहतो, पुन्हा तोच ‘काढून घ्यायचं’. दुसरा व्हिडिओ लावावा तर तो गेल्या वर्षीच्या मॉडेलचा, त्याचे स्क्रू वेगळ्या जागी. पावडरचा ट्रे पूर्ण बाहेर ओढला की त्याच्या मागे स्क्रू दिसतात, हे मला शेवटी मॅन्युअलच्या चित्राने सांगितलं. ट्रेची रिकामी जागा, दोन गोल, दोन बाण. खाचा कुठे आहेत आणि पॅनल आधी वर उचलायचं की पुढे ओढायचं, तेही त्याच पानावर.

उघडताना अडणं हाच घरी दुरुस्ती करणाऱ्याचा खरा अडथळा आहे असं माझं मत झालंय. भाग बदलणं त्या मानाने सोपं. मेकॅनिकच्या हाताला या लपलेल्या खाचा पाठ असतात, म्हणून त्याला तो भाग चित्रित करण्यासारखा वाटत नाही. त्याचा दोष नाही. पण व्हिडिओ नेमका तिथेच तुटतो जिथे आपण पहिल्यांदा उभे असतो. एकदा-दोनदा झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण हे इतक्या वेळा झालं की आता मी कोणतंही झाकण उघडण्याआधी त्याचं चित्र हाताशी असल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरा फरक निदानाचा. मशीनच्या पडद्यावर पाणी न सोडण्याचा कोड आला, म्हणजे एलजीच्या मशीनवर ‘ओई’ किंवा सॅमसंगवर ‘५ई’ नाहीतर ‘५सी’, की बहुतेक व्हिडिओ थेट पंप बदलून दाखवतात. मॅन्युअल पायऱ्या लावून देतं. फिल्टर पाहा, मग नळी मुडपली आहे का, मग पंपाचं रीडिंग घ्या, मग सर्किट बोर्डापर्यंतची वायर तपासा. माझ्या मशीनचा असाच कोड आला तेव्हा पंपाचं रीडिंग मॅन्युअलमधल्या आकड्यांत नीट बसत होतं. २३० व्होल्टच्या अशा पंपांचं ते सहसा दीडशे ते दोनशे ओहमच्या आसपास असतं. बिघाड निघाला कनेक्टरमध्ये. पिन हिरव्या पडल्या होत्या. घासून, दाबून बसवल्यावर पंप सुरू झाला, तोच जुना पंप. नवा पंप घातला असता तर कदाचित नुसत्या कनेक्टर काढण्या-घालण्यानेही मशीन चाललं असतं, आणि पंपच गेला होता अशी माझी कायमची समजूत झाली असती.

हे आकडे एकदा हाताशी आले की मल्टिमीटरचा, म्हणजे रोध आणि व्होल्टेज मोजणाऱ्या मीटरचा, उपयोग कळायला लागतो. २००० वॅटचा हीटर घ्या, गीझरचा असो की मशीनचा. २३० व्होल्टला त्याचा रोध साधारण २६ ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. रीडिंग बरोबर आहे पण हीटरचं टोक आणि धातूचं अंग यांच्यातही मीटर काही दाखवतोय, तर करंट अंगात उतरतोय आणि तो हीटर एक क्षणही वापरू नये. मीटरची टोकं (प्रोब) नेमकी कुठे टेकवायची हे व्हिडिओत छान दिसतं, हे मान्य. पण किती आलं म्हणजे ठीक, हे सांगणारे व्हिडिओ मला फार कमी सापडले.

मॅन्युअलची मोठी अडचण म्हणजे ते मिळणं. कंपन्या ते सहसा आपल्या सेवा केंद्रांपुरतं ठेवतात. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीन, फ्रिज, डिशवॉशर यांच्या उत्पादकांना सुटे भाग ठरावीक वर्षं उपलब्ध ठेवायला आणि व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना माहिती द्यायला भाग पाडलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. पाऊल चांगलंच आहे, पण मी चाळलं तेव्हा तिथे ग्राहक-पुस्तिकाच जास्त दिसल्या. आयफिक्सिट या दुरुस्ती शिकवणाऱ्या वेबसाइटवरची फोटोंसकट मार्गदर्शनं मला फार आवडतात. २००३ मध्ये दोन अमेरिकन विद्यार्थ्यांना लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल मिळेना, त्यातून ते उभं राहिलं. फोन-लॅपटॉपसाठी त्याला तोड नाही, आपल्या घरातल्या मशीनचं मॉडेल मात्र तिथे क्वचितच सापडतं. तरी मॅन्युअल शोधताना चिकाटी ठेवावी. स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून काही मिळालं नाही तर शेवटची अक्षरं काढून शोधा. परदेशात विकल्या जाणाऱ्या जुळ्या मॉडेलचं मॅन्युअल बऱ्याचदा मिळतं आणि आतली रचना पुष्कळशी तीच असते. त्यातला पार्ट नंबरही कामाचा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘वॉशिंग मशीनचा पंप द्या’ म्हणण्यापेक्षा नंबर दाखवला की दुकानदार नेमका भाग काढतो, नाहीतर नाही म्हणून मोकळा होतो. फेरी वाचते.

मायक्रोवेव्हचं मात्र मॅन्युअल मिळालं तरी ते उघडू नका, व्हिडिओतला माणूस कितीही सहज उघडताना दिसला तरी. त्याचा कपॅसिटर २००० व्होल्टच्या आसपासचा असतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून राहू शकतो. इन्व्हर्टर मोटरच्या वॉशिंग मशीनचा बोर्डही प्लग काढल्यावर काही मिनिटं तसाच सोडावा लागतो. ही सूचना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पहिल्या पानांवर ठळक असते. व्हिडिओत ती असेलच याची खात्री नाही.

तुमच्याकडे एकच बिघाड आहे, यंत्र साधं आहे आणि वेळ कमी आहे, तर व्हिडिओ लावा, काम होईल. घरातली यंत्रं पुढची बरीच वर्षं स्वतःच सांभाळायची असतील तर मी मॅन्युअलच सुचवेन, व्हिडिओ जोडीला. आणि सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर शोधाशोध करण्याआधी प्लग काढून मागचं झाकण उघडून बघा. वायरिंगचा नकाशा पुष्कळदा आतल्या बाजूलाच चिकटवलेला असतो, वायरींच्या रंगांसकट. कागद दमट हवेत पिवळा पडून गळून जातो, म्हणून मशीन ठणठणीत असतानाच त्याचा फोटो काढून ठेवा.